दंड वेगळा, वागणूक वेगळी

कोल्हापूरकराला भांडायला शिकवावं लागत नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल नको म्हणून इथं माणसं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी मंडळी उन्हातान्हात मोर्च्याच्या पुढं चालली आणि 2015 च्या डिसेंबरात सरकारला तो टोल गुंडाळावा लागला. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं यावं म्हणून वकिलांनी कित्येक दशकं धरणं, उपोषणं, कामबंद सगळं केलं; 17 ऑगस्ट 2025 ला त्याचं उद्घाटन झालं. असं हे गाव. पण वेगमर्यादा ओलांडली म्हणून मोबाइलवर दोन हजारांचं चलन येऊन पडलं, की हाच लढवय्या माणूस पहिल्यांदा ओळखीचा नंबर शोधतो. नगरसेवक (माजी असला तरी चालतो), तालमीचा अध्यक्ष, पोलिसात असलेला बायकोचा मामेभाऊ. ‘भावा, तेवढं बघ की.’

एकानं केला तर हा फोन किरकोळ वाटतो. सगळेच करायला लागले, की ज्याचं चलन खरोखरच चुकीचं आहे त्याची दाद मागायची वाट बंद होते. पोलीस खात्याच्या लेखी मग तक्रार करणारा प्रत्येक जण वशिल्याचाच असतो. आणि दाद मागणाऱ्यालाही वाटायला लागतं, की अर्जबिर्ज सब झूट, माणूस पाहिजे.

दुसरा घोटाळा अर्जातच होतो. चलन चुकीचं आहे हा एक मुद्दा. साहेब उद्धट बोलले, चावी काढून घेतली, पैसे मागितले, हा दुसरा. दोन्हींची चौकशी वेगळी, पुरावा वेगळा, निकाल देणारा माणूस वेगळा. आपण मात्र दोन्ही एकाच कागदावर, एकाच रागात लिहून मोकळे होतो. खातंही दोन्ही एकाच फायलीत टाकतं आणि एकाच शेऱ्यानं निकालात काढतं.

उद्यमनगरात माझ्या एका मित्राचं मशीन शॉप आहे. महामार्गावर एका फाट्याजवळ त्याच्या गाडीचा वेग मोजला गेला आणि चलन मोबाइलवर आलं. त्यानं फोटो उघडून बघितला. फोटोत त्याची गाडी होती हे खरं, पण तिच्या डाव्या अंगाला, अर्धी गाडी पुढं, एक दुधाचा टेम्पोही होता. निशाण्याची खूण दोघांच्या मधोमध. आता हा माणूस गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारा. त्याच्याकडं ऑडिटला लोक येतात तेव्हा मायक्रोमीटर, व्हर्निअर, प्लग गेज, प्रत्येकाचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे माप अचूक तपासून घेतल्याचा दाखला, फायलीत लागतं. तारीख उलटून गेलेली असेल तर त्या गेजनं मोजलेला सगळा माल संशयात. साहजिकच त्यानं संबंधित कार्यालयात जाऊन तेच विचारलं: वेग मोजणारी ही गन कॅलिब्रेट कधी झाली, आणि वेग माझा का टेम्पोचा? उत्तर आलं, ‘आम्हाला शिकवू नका, कोर्टात जावा.’ पुढं आवाज चढले. ‘अरे-तुरे’ झालं. घरी येऊन त्यानं दोन पानी अर्ज लिहिला. त्यात गनबद्दल चार ओळी, बाकी सगळं साहेबांबद्दल.

काही आठवड्यांनी त्याला जबाबासाठी बोलावलं. जबाबात काय लिहिलं गेलं? साहेबांनी समजावून सांगितलं, गैरसमज झाला होता, आता तक्रार नाही. ‘सही करा, विषय संपवू.’ त्यानं सही केली. दिवसभर मशीन बंद ठेवून तिथं बसायला त्याला वेळ नव्हता. अर्ज दप्तरी दाखल झाला. त्या चार ओळींचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मला चीड येते ती या शेवटच्या भागाची. साहेबांचं बोलणं एकवेळ बाजूला ठेवू. कारण त्या चार ओळींत विचारलेली प्रत्येक गोष्ट विचारायचा हक्क कायद्यानंच दिलेला आहे.

मोटार वाहन कायद्याच्या 183 व्या कलमात वेगाचा दंड आहे. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम फारसं कुणी वाचत नाही. एका साक्षीदाराला नुसतं वाटलं, की गाडी जोरात होती, तेवढ्यावर कुणालाही दोषी धरता येत नाही. त्या अंदाजाला यंत्राच्या मोजमापाचा आधार लागतो. म्हणजे वेगाच्या खटल्यात पोलिसाचा शब्द दुय्यम आणि यंत्र मुख्य साक्षीदार. मग त्या साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला नको?

यंत्राला काय काय लागतं, हेही लिहून ठेवलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 च्या ऑगस्टमध्ये 167-अ हा नियम आला. स्पीड गन, कॅमेरे, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा, सगळी साधनं त्यात येतात. साधन अचूक आहे असं प्रमाणपत्र राज्यानं नेमलेल्या प्राधिकाऱ्यानं द्यायचं आणि ते दरवर्षी नवं करायचं. या टप्प्यावर यंत्राची नजर आहे, असा फलक वाहनचालकाला दिसेल असा लावायचा. गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवायची. तिच्यात नंबरप्लेटसह स्पष्ट फोटो, यंत्रानं मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हवं. प्रकरण मिटेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवायची. ज्या 132 शहरांतल्या महत्त्वाच्या चौकांत अशी साधनं लावावीत असं हा नियम सांगतो, त्यांत कोल्हापूरही आहे. तेव्हा हे काही मुंबई-पुण्याचं कौतुक नाही. दाभोळकर कॉर्नर आणि सायबर चौकातल्या माणसाचाही हा विषय आहे.

त्यात आणखी एक भर पडली. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांची वैधमापन खात्याकडून पडताळणी करून त्यांच्यावर शिक्का मारून घ्यायचा, असे नियम केंद्रानं केले आणि ते 1 जुलै 2025 पासून लागू झाले. कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर ज्या खात्याचा शिक्का लागतो, तेच हे खातं. मावशींच्या काट्यावर शिक्का नसेल तर त्यांना दंड होतो. रडारवर शिक्का आहे का, हे विचारणाऱ्याला मात्र ‘लै शहाणा’ म्हणतात.

आता यंत्राची बाजूही मांडायला हवी, कारण आपल्याकडं चहाच्या टपरीवर वेगाच्या गनबद्दल जे ज्ञान वाटलं जातं त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. ‘गन तिरकी धरली होती, म्हणून वेग जास्त दाखवला’ हा त्यातला लाडका युक्तिवाद. खरं उलट आहे. रस्त्याच्या कडेला स्थिर उभं राहून तिरक्या कोनातून मोजलं तर वेग खऱ्यापेक्षा कमी येतो. कोनाचा फायदा चालकालाच मिळतो. लेझर गन प्रकाशाची स्पंदनं सोडते, ती गाडीवर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढते आणि अंतर किती झपाट्यानं घटतंय त्यावरून वेग. हे गणित सहसा चुकत नाही. चुकतं ते लक्ष्य. झोत जसजसा लांब जातो तसतसा पसरतो. तीनशे मीटरवर बऱ्याच बनावटींत तो मीटरभराच्या आसपास रुंद झालेला असतो, आणि रडारचा झोत तर त्याहून कितीतरी पसरट. शेजारी-शेजारी दोन गाड्या असतील तर आकडा कुणाचा, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आव्हान द्यायचंच असेल तर ते फोटोतली गाडी, यंत्राचं प्रमाणपत्र आणि वेगमर्यादेचा फलक या तिन्हींवर द्यावं. ‘मी एवढ्या जोरात नव्हतोच’ याला कुठल्याच न्यायालयात वजन नाही, आणि असूही नये.

फलकाचा मुद्दा कोल्हापुरात विशेष जिव्हाळ्याचा आहे. केंद्रानं 2018 मध्ये दुभाजक असलेल्या चारपदरी रस्त्यावर मोटारीसाठी ताशी 100 किलोमीटरची कमाल मर्यादा जाहीर केली होती. राज्याला ती त्याहून कमी ठेवता येते आणि कामाच्या ठिकाणी आणखी कमी. कागल ते सातारा सहापदरीकरणाचं काम निघाल्यापासून पुण्याला जाणारा प्रत्येक जण सेवारस्ता, वळणरस्ता, पुन्हा महामार्ग असा हेलकावे खात जातो. वेग कमी करा म्हणणारा फलक कधी मातीच्या ढिगामागं, कधी उलट्या तोंडानं, कधी काम संपल्यावरही तिथंच. अशा रस्त्यावर मर्यादा नेमकी किती होती, हे ज्यानं दंड केला त्यानं दाखवावं. चलनाच्या फोटोसोबत त्या टप्प्यावरच्या फलकाचाही फोटो जोडला, तर निम्मे वाद जागीच मिटतील.

दाद कुठं मागायची? राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथं चलनाचा क्रमांक टाकून नेमकं काय चुकलं ते थोडक्यात लिहायचं. तिथं नाही पटलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा नाकबूल करायचा. पण बहुतेकांना ठाऊक असतं ते एकच दार: लोकअदालत. चलनं साठवून ठेवायची, मग नोटीस आली की लोकअदालतीत जाऊन मिटवून टाकायची. लोकअदालत चांगली गोष्ट आहे, पण ती तडजोडीची जागा आहे. तिथं ‘मी गुन्हा केला का नाही’ याचा निवाडा होत नाही. तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. ज्याचं चलन खरंच चुकीचं आहे त्यानं तिथं जाऊन पैसे भरले, तर त्यानं ते कबूल केल्यासारखंच. आणि एका चलनासाठी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात तारखा घालायच्या तर दोन हजारांच्या दंडाएवढी मजुरीच बुडते. हे गणित खात्यालाही पाठ आहे. म्हणूनच न्यायालयाआधीच्या पायरीवर खरीखुरी सुनावणी हवी: ज्यानं चलन केलं त्याच्या हाताखालच्या माणसाकडून ‘चलन योग्य आहे’ एवढं तीन शब्दांचं उत्तर नव्हे, तर दुसऱ्या अधिकाऱ्यानं फोटो आणि प्रमाणपत्र बघून कारणासहित दिलेलं उत्तर.

तोवर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. त्या तारखेला, त्या ठिकाणी वापरलेल्या गनचा क्रमांक, तिचं त्या दिवशी चालू असलेलं प्रमाणपत्र आणि मूळ फोटो मागायचा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. साहेब कसे बोलले यावर त्यात एक शब्दही लिहायचा नाही.

साहेबांवरचा कागद वेगळा, आणि त्याची वाट तर फारच खडबडीत. पहिला गोंधळ म्हणजे साहेब कुणाचे? शहरातल्या चौकात उभा असलेला कर्मचारी जिल्हा पोलीस अधीक्षकांचा. महामार्गावर गन घेऊन उभे असलेले महामार्ग पोलीस मात्र अपर पोलीस महासंचालक, वाहतूक यांच्या हाताखाली. खाकी एकच, पण घराणी दोन. चुकीच्या दारात दिलेला अर्ज ‘पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव’ या वाक्यावर स्वार होऊन गावोगाव फिरतो. योग्य दारात दिला, तरी चौकशीला खाली, खाली आणि आणखी खाली उतरत बऱ्याचदा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच शेजारच्या टेबलावर येऊन बसतो. मग जबाब, मग ‘अर्जदाराचे समाधान झाले’, मग दप्तर.

याच रोगावर सर्वोच्च न्यायालयानं 22 सप्टेंबर 2006 ला प्रकाश सिंग खटल्यात औषध लिहून दिलं होतं: पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण. महाराष्ट्रानं 2014 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभागावर भागवलं. कोल्हापूर येतं पुणे विभागात. म्हणजे राधानगरीच्या शेतकऱ्यानं पोलिसाच्या दांडगाईची तक्रार करायची तर दार पुण्यात. तिथं कोठडीतला मृत्यू, गंभीर इजा, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी, अधिकाराचा गंभीर गैरवापर असे जड विषय जातात, आणि ते तसंच हवं. चौकातल्या उद्धटपणाची तक्रार तिथं नेणं मलाही पटत नाही. पण मग ती न्यायची कुठं? ज्या न्यायालयासाठी सहा जिल्ह्यांचे वकील एकत्र आले ते आता सीपीआर रुग्णालयासमोर आलं. पोलिसाच्या तक्रारीचं दार मात्र अजून पुण्यातच आहे, आणि त्यासाठी इथं कुणी घोषणा दिल्याचं माझ्या कानावर नाही.

पैशाच्या मागणीचा विषय वेगळा आणि सगळ्यात सोपा. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. अडचण आपलीच असते, कारण तोडपाणी दोन हातांनी होतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 ला बदल झाल्यापासून देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीनं द्यावे लागले असतील तर सात दिवसांच्या आत कळवलं तरच सुटका. हजाराची पावती नको म्हणून दोनशे सरकवणारा आणि मग कट्ट्यावर ‘पोलीस लै खातात’ म्हणणारा, हे दोघे नसून एकच गृहस्थ आहेत.

आता पोलिसांचं म्हणणं. चौकातल्या कर्मचाऱ्यानं मला ते सुनावलंच: ‘प्रत्येकानं सर्टिफिकेट मागितलं तर आम्ही गाड्या कधी अडवायच्या?’ त्यात तथ्य आहे. नवरात्रात अंबाबाईची गर्दी, मग जोतिबाची यात्रा, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे, आणि रोजचा धूर. त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी वेग खरोखरच ओलांडलेला असतो, असं माझंही मत आहे. आणि वेग म्हणजे थट्टा नव्हे. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी अहवालानुसार त्यातल्या 71 टक्क्यांच्या मागं अतिवेग होता. (फिर्यादीत ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ ही ओळ छापील असल्यासारखी येते, त्यामुळं या टक्केवारीत खड्डा, अंधार आणि चुकीचं वळण किती लपलेलं असेल हा प्रश्न मला पडतो. तरी निम्मी जरी खरी धरली तरी आकडा हादरवणाराच आहे.) वेगावर कारवाई हवीच, आणखी हवी. पण जितकी जास्त चलनं यंत्रावर फाडली जाणार, तितकं ते यंत्र तपासून घेण्याची मुभाही जास्त हवी. प्रत्येकानं प्रमाणपत्र मागायची वेळच येऊ नये, यावर उपाय सोपा आहे: गनचा क्रमांक आणि प्रमाणपत्राची तारीख चलनावरच छापा. मागण्याचं कारणच उरणार नाही.

कर्मचाऱ्याच्या बाजूनं आणखी एक. खोटी तक्रार ही त्याच्यासाठी पगारवाढ, बदली, बढती यांच्यावरची टांगती तलवार असते. दारू पिऊन आलेला, ‘मी कोण आहे माहिताय का’ म्हणणारा इसम दुसऱ्या दिवशी सुशिक्षित अर्ज घेऊन येतो, हेही खरं. त्याला आणि मला, दोघांनाही वाचवणारी वस्तू एकच आहे: अंगावरचा कॅमेरा, चालू अवस्थेत, आणि त्याचं चित्रण ठरावीक काळ जपून. 2025 च्या जुलैमध्ये राज्याच्या वाहतूक विभागानं पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलन करू नये, असा आदेश काढला. चांगलं झालं. खासगी फोनमधला फोटो कधी काढला, कधी चढवला, मधे काय झालं याचा हिशोब कुणाकडंच नसतो. पण तो आदेश चलनापुरता आहे. रस्त्यावर झालेल्या संभाषणाचं काय, यावर तो गप्प आहे. हेल्मेट न घातलेल्या पोलिसाचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकून त्याची भरपाई होत नाही, जरी कायद्याच्या 210-ब कलमानं अंमलबजावणी करणाऱ्यानंच नियम मोडला तर दुप्पट दंड सांगितलेला असला तरी. ग्रुपवर हशा होतो. तारीख, वेळ, जागा लिहून अर्ज मात्र कुणी देत नाही.

शिवाय अर्ज दिलाच तर तो दोन तुकड्यांत घ्यायची सवय खात्यानंही लावून घ्यायला हवी. टपाल घेणाऱ्या कर्मचाऱ्यानं विचारावं: चलनाबद्दल आहे का वागणुकीबद्दल? दोन्ही असेल तर दोन आवक क्रमांक. चलनाच्या भागाला यंत्राची कागदपत्रं बघून लेखी उत्तर. वागणुकीच्या भागाची चौकशी त्या ठाण्याबाहेरच्या उपअधीक्षकांकडं. आणि जबाबात ‘समाधान झाले’ लिहायचं असेल तर अर्जदारानं ते स्वतःच्या अक्षरात लिहावं. जिल्ह्यापुरतं एवढं करायला नवा कायदा लागत नाही, पोलीस अधीक्षकांचं एक परिपत्रक पुरतं. महामार्ग पोलिसांचं तेवढं मुंबईहून यावं लागेल.